कागद, कोंब आणि बोंडअळी : मॅक्रो लेन्स जुनी घ्यावी की नवी?

मंडळी, मीडियम फॉरमॅटचं वेड लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. मॅक्रो लेन्स घ्यायची तर हॅसलब्लाड किंवा मामियाच्या जमान्यातली जुनी घ्यावी, की फुजी किंवा हॅसलब्लाडची आजची, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाली घ्यावी? जुनी घेतली तर पैसे वाचतात. नवी घेतली तर एका चांगल्या मोटरसायकलपेक्षा जास्त पैसे जातात आणि घरी त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं ते वेगळंच.

नेहमीचं उत्तर असं असतं की नवी लेन्स जास्त शार्प, जुनीला जास्त 'कॅरॅक्टर'. मला हे उत्तर कधीच पटलं नाही. कॅरॅक्टर म्हणजे नक्की काय हे कोणी सांगत नाही, आणि शार्प म्हणजे कशावर शार्प हे कोणी विचारत नाही. म्हणून या वीकेंडला थोडं मागे जाऊन बघू या की या लेन्स मुळात कशासाठी बनल्या होत्या. माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

आधी दोन व्याख्या, माहीत असतील तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. मीडियम फॉरमॅट म्हणजे ३५ मिमी फिल्मपेक्षा मोठी फ्रेम. कोडॅकने १९०१ मध्ये आणलेल्या १२० फिल्मवर ६×६ सेंमीची बारा चित्रं येतात, ६×७ ची दहा. आजच्या फुजी जीएफएक्ससारख्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर त्याहून लहान, ४३.८×३२.९ मिमी असतो. आणि मॅक्रो म्हणजे फिल्मवर किंवा सेन्सरवर वस्तूची प्रतिमा किती मोठी पडते त्याचा हिशोब. १:१ म्हणजे एक सेंमीची वस्तू सेन्सरवरही एक सेंमी. १:५ म्हणजे पाचपट लहान.

जुन्या लेन्सचं घराणं

जुन्या मॅक्रो लेन्सचं घराणं शोधत गेलं तर फुलं-किडे सापडतच नाहीत, सापडतो तो छापखाना!

१८९६ मध्ये झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फने प्लानार नावाची लेन्स आखली. नावातच सगळं आलं: प्लानार म्हणजे सपाट प्रतिमा देणारी. साध्या लेन्सची प्रतिमा वाटीसारखी वक्र पडते, म्हणजे मधला भाग फोकसमध्ये आला की कोपरे जातात. माणसाचा फोटो काढताना कोपऱ्यांकडे कोण बघतो? पण नकाशा, चित्र किंवा पुस्तकाचं पान यांची प्रत काढायची तर चारही कोपरे हवेतच. प्लानारला एक मोठी अडचण होती. तिच्यात हवा आणि काच यांच्या सीमा पुष्कळ, प्रत्येक सीमेवर थोडा उजेड परतायचा आणि चित्र धुरकट व्हायचं. १९३५ मध्ये झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर परावर्तनरोधक थर देण्याची पद्धत शोधली आणि त्यानंतर प्लानारचे खरे दिवस आले.

याच काळात मासिकांत चित्रं छापण्यासाठी ब्लॉक बनवणारे मोठे प्रोसेस कॅमेरे आले. मूळ चित्र समोर भिंतीसारखं लावायचं, कॅमेरा त्याच्या बरोबर समांतर, आणि मध्ये जाळी धरून चित्राचे ठिपके करायचे. रंगीत छपाई असेल तर एकाच चित्राची तीन रंगांसाठी वेगवेगळी निगेटिव्ह. तिन्ही तंतोतंत एकाच मापाची हवीत, नाहीतर छापताना रंग एकमेकांवर बसत नाहीत. म्हणजे लेन्सकडून तीन गोष्टी हव्या: सपाट प्रतिमा, सरळ रेषा सरळच, आणि सर्व रंगांना एकच माप.

इथे आपला मराठी माणूस येतो. धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मुळे ओळखतो. पण त्याआधीचे फाळके बघा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, तिथे फोटोग्राफी आणि छपाईच्या प्रक्रियांचं शिक्षण, पुरातत्त्व खात्यात काम, आणि नंतर लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. म्हणजे आयुष्याची कित्येक वर्षं हा माणूस सपाट वस्तूच्या प्रती काढण्याच्या तंत्रात बुडालेला होता.

आणि मग १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पैसे उभे करायला भांडवलदारांना काहीतरी करून दाखवणं भाग होतं. त्यांनी कुंडीत बी पेरलं आणि रोज थोडी थोडी फिल्म उघडत त्या कोंबाची वाढ टिपली. पडद्यावर कोंब काही क्षणांत वर येताना दिसला. 'अंकुराची वाढ' म्हणून ही छोटीशी फिल्म ओळखली जाते.

मला हे उदाहरण फार आवडतं, कारण जवळून फोटो काढण्याची दोन्ही कामं एकाच माणसाने केली. एक कागदाचं आणि एक कोंबाचं. कागद सपाट असतो, हलत नाही, आणि कॅमेऱ्यापासून त्याचं अंतर तुम्ही ठरवता. कोंबाला खोली असते, तो वाढतो, वाऱ्याने हलतो, आणि अंतर तो ठरवतो. जुन्या आणि नव्या मॅक्रो लेन्समधला फरक मला याच दोन कामांमधला फरक वाटतो.

कागदाचं शतक

विसाव्या शतकाचा मोठा भाग मॅक्रो लेन्सने कागदाचीच सेवा केली. १९५५ मध्ये किलफिटची मॅक्रो-किलार आली, ती ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी आणि खरोखर लहान वस्तूंसाठी. पण लगेच १९५६ मध्ये जपानमध्ये निकॉनने मायक्रो-निक्कोर काढली ती कशासाठी? मायक्रोफिल्मसाठी. जपानी लिपीतली गुंतागुंतीची अक्षरं इतकी लहान केल्यावर वाचता यावीत म्हणून टोक्यो विद्यापीठाच्या प्राध्यापक कोआना यांनी त्या कामात लक्ष घातलं होतं.

मीडियम फॉरमॅटमध्ये १९५७ ला हॅसलब्लाड ५००सी आला. त्याच्या प्रत्येक लेन्समध्ये स्वतःचं लीफ शटर होतं. या कॅमेऱ्यासाठी झाइसने १२० मिमी एस-प्लानार एफ/५.६ दिली, जवळच्या अंतरासाठी मुद्दाम दुरुस्त केलेली. १९८०च्या दशकात तिचीच पुढची पिढी मॅक्रो-प्लानार एफ/४ आली. गंमत म्हणजे या एस-प्लानार नावाच्या कुळातल्याच एका लेन्सने १९७८ च्या सुमारास अमेरिकेतल्या जीसीए कंपनीच्या वेफर स्टेपरमध्ये बसून सिलिकॉनवर सर्किट छापायला सुरुवात केली. तेही कागदाचंच काम, फक्त कागदाच्या जागी चिप! आपण ज्यावर कोड लिहून पोट भरतो त्या धंद्याचं आणि या जुन्या लेन्सचं असं नातं आहे.

आता या लेन्सच्या पाठीवरचे आकडे वाचा. १२० मिमी मॅक्रो-प्लानारचं सर्वांत जवळचं अंतर ०.८ मीटर. तिथे प्रतिमा फक्त १:४.५, म्हणजे ६×६ च्या फ्रेममध्ये साधारण २५ सेंमीचा चौकोन. नावात मॅक्रो आणि मुंगी काढायला गेलात तर टिंब! दुकानात ही लेन्स घेताना बहुतेकांना धक्का बसतो तो इथे. पण २५ सेंमीचा चौकोन म्हणजे काय? पुस्तकाचं पान. लेन्स आपलं काम बरोबर करते आहे, आपणच तिच्याकडून दुसरं काम मागतो आहोत.

याहून जवळ जायचं तर मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे रिकाम्या नळ्या लावायच्या. रोलायच्या एसएल६६ (१९६६) ने आणि मामिया आरबी६७ (१९७०) ने कॅमेऱ्यातच भाता दिला आणि हे काम सोपं केलं. आरबीची १४० मिमी मॅक्रो अजूनही पुष्कळांच्या कपाटात आहे. पण जिथे अख्खी लेन्स पुढे सरकते तिथे एक मूळ मर्यादा राहते. काचांमधली अंतरं कायम असतात, आणि ती एका ठरावीक अंतरासाठी बेतलेली असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर अंतर हार्डकोड केलेलं आहे. त्या आकड्याच्या आसपास उत्तम, लांब गेलात की हळूहळू बिघाड.

कोंबाकडे वळण

हा हार्डकोड केलेला आकडा पॅरामीटर कसा झाला ही पुढची गोष्ट. युक्तीचं नाव फ्लोटिंग एलिमेंट. फोकस करताना काचांचे गट वेगवेगळ्या गतीने सरकवायचे, म्हणजे प्रत्येक अंतरासाठी दुरुस्ती बदलत जाते. मामियाच्या आरझेड६७ (१९८२) च्या मॅक्रोमध्ये यासाठी वेगळी रिंग होती, ती हाताने जुळवायची. पेंटॅक्स ६४५ ची १२० मिमी मॅक्रो नळ्यांशिवाय थेट १:१ ला गेली. १९९९ मध्ये आलेल्या काँटॅक्स ६४५ साठीची अपो-मॅक्रो-प्लानारही १:१ ची होती. क्योसेराने २००५ मध्ये काँटॅक्सचा गाशा गुंडाळला, लेन्स मात्र लोक आजही शोधत असतात.

मग डिजिटल आलं आणि सगळी गणितं बदलली. फिल्मवर जी जांभळी किनार कोणाला दिसत नव्हती ती स्क्रीनवर शंभर टक्के झूम केल्यावर डोळ्यांत खुपायला लागली. २०१७ मध्ये फुजीने जीएफ १२० मिमी एफ/४ मॅक्रो आणली: ९ गटांत १४ काचा, ऑटोफोकस, हात हलला तर सावरणारी स्टॅबिलायझेशन, वजन ९८० ग्रॅम. जुन्या मॅक्रो-प्लानारमध्ये काचा सहा! हॅसलब्लाडची एक्ससीडी १२० मिमी मॅक्रोही त्याच वर्षीची. दोन्ही स्वतःहून १:२ पर्यंत जातात. फुजीला ४५ मिमीची ट्यूब लावली की जवळजवळ १:१. या लेन्स हातात धरून, हलत्या जिवंत वस्तूमागे फिरण्यासाठी बनल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, इतिहास ठीक आहे, पण प्रत्यक्षात फरक किती पडतो? तर ऐका.

वाटूरची परीक्षा

आमचं गाव वाटूर. जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो, तेच. तालुका परतूर. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. दोन वर्षांपूर्वी मी कॅमेरा घेऊन गेलो तो दोन कामांसाठी, आणि योगायोगाने एक काम कागदाचं होतं आणि एक कोंबाच्या जातीचं. माझी स्वतःची मॅक्रो-प्लानार होती, आणि पुण्यातून तीन दिवसांसाठी ५० मेगापिक्सेलची जीएफएक्स आणि जीएफ १२० भाड्याने आणली होती. जुनी लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून त्याच बॉडीवर बसते, त्यामुळे तुलना सरळ.

पहिलं काम घरातल्या पत्र्याच्या पेटीतले कागद. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने महसुली कागद उर्दूत, काही चिठ्ठ्या मोडीत. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला आणि परतूर तालुका तेव्हा परभणीतून इकडे आला, म्हणून या कागदांवर जिल्हा दिसतो तो परभणी. घड्यांवर कागद फाटत चाललेला, कडा कसरीने खाल्लेल्या. जमिनीच्या वाटणीचा विषय घरात निघाला की ही पेटी उघडते, आणि प्रत्येक वेळी उघडली की एखादा तुकडा गळतो. एकदा नीट प्रती काढल्या की पेटी पुन्हा उघडायची गरज नाही, एवढा साधा हेतू. स्कॅनरमध्ये हे कागद दाबायची माझी हिंमत नव्हती.

हिशोब असा. ए-४ एवढा कागद ४४ मिमी लांबीच्या सेन्सरवर बसवायचा म्हणजे साधारण १:७. ५० मेगापिक्सेलवर प्रत्येक मिमीला सुमारे २८ पिक्सेल, म्हणजे ७०० डीपीआय. ओसरीत टेबल, वरून खाली बघणारा कॅमेरा, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, कागदावर हलकी काच. जुनी लेन्स एफ/११ ला ठेवली. कोपऱ्यातला शिक्क्याचा अर्धवट पुसलेला गोल मध्यभागाइतकाच स्वच्छ आला. नव्या लेन्सचा फोटो शेजारी ठेवला तर जांभळी किनार जुनीत किंचित जास्त, तीही शोधल्यावर. कागद वाचणाऱ्याच्या दृष्टीने फरक शून्य. परतूरच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना दोन्ही प्रिंट दाखवल्या, कोणती कुठल्या लेन्सची ते न सांगता. त्यांनी दोन्ही वाचल्या आणि "चांगली कोणती?" या माझ्या प्रश्नावर माझ्याकडेच विचित्र नजरेने बघितलं :-)

दुसरं काम कपाशीचं. गुलाबी बोंडअळीचं नाव मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही. या किडीचं शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये सॉन्डर्सने केलं, तेही भारतातल्या, भडोचच्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. म्हणजे ही आपली जुनीच पाहुणी. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आमच्या जालन्यातच १९६४ मध्ये सुरू झालेल्या महिको कंपनीचा त्यात मोठा वाटा. काही वर्षं बोंडअळी विसरल्यासारखी झाली. मग अळी त्या विषाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात कापसाची वाट लागली.

अडचण अशी की अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि आत गेली की फवारणीचा उपयोग नाही. बाहेरून बोंड ठणठणीत, फोडलं की आत सरकी खाल्लेली. अंडं असतं जेमतेम अर्धा मिमी लांब. फवारणी कधी करायची हे ठरवायला कामगंध सापळे आहेत: एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग मिळाले की धोका. ते काम लेन्सचं नाही. पण काका गेली तीस वर्षं कपाशी लावतात आणि त्यांनी अंडं कधी पाहिलेलं नव्हतं. भिंगातून एका वेळी एकाच माणसाला दिसतं. मोठं प्रिंट काढून चार जणांच्या बैठकीत ठेवता येतं.

आता त्या अर्ध्या मिमीचा हिशोब करा. जुन्या लेन्सवर नळ्यांशिवाय, १:४.५ ला, अंडं सेन्सरवर जेमतेम २१ पिक्सेलचं. नुसता ठिपका! १:१ ला गेलं तर ९४ पिक्सेल. ३२ आणि ५६ मिमीच्या दोन नळ्या लावून जुनी लेन्सही जवळपास तिथे पोचते. पण मग दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली, ज्या अंतरासाठी ती बनली त्यापासून आपण खूप दूर आलो. दुसरी म्हणजे खोली. १:१ ला एफ/८ वर फोकसमध्ये राहणारी जाडी सुमारे एक मिमी. जास्त हवी म्हणून छिद्र एफ/१६ केलं तर १:१ ला ते प्रत्यक्षात एफ/३२ होतं, प्रकाशाचा प्रत्येक बिंदू ४३ मायक्रॉनचा डाग होतो, आणि अख्खं अंडं अशा डझनभर डागांत संपतं. भौतिकशास्त्रापुढे जुनी-नवी कोणाचंच काही चालत नाही.

इथे नव्या लेन्सची मोटर कामाला आली. तोडून आणलेलं बोंड ओसरीत, वारा नाही. कॅमेऱ्याला सांगितलं की फोकस थोडा थोडा मागे सरकवत तीस फोटो काढ. मग ते सॉफ्टवेअरने जोडले. पाकळीखालच्या देठाजवळ चिकटलेलं, मोत्यासारखं लांबट अंडं, वरच्या रेषांसकट. जुन्या लेन्सवर हेच रिंग हाताने फिरवत करून बघितलं. दर वेळी कॅमेरा केसभर हलायचा, तासाभराने नाद सोडला. अळीचं वेगळंच. ती थांबत नाही, त्यामुळे तीस फोटोंची युक्ती बाद, एकच फोटो आणि फ्लॅश. एक मुद्दा मात्र जुन्या घराण्याच्या बाजूने नोंदवायला हवा: जुन्या लेन्सचं लीफ शटर तिच्या स्वतःच्या हॅसलब्लाड बॉडीवर १/५०० सेकंदालाही फ्लॅशला जुळतं, जीएफएक्स ५०एस १/१२५ च्या पुढे नाही. भर उन्हात, हलत्या फांदीवर, याने फरक पडतो.

प्रिंट बघून काका म्हणाले, "एवढुसं असतंय होय? आन् आपण अळी दिसल्यावर फवारायलाव." त्या वाक्यासाठी भाडं वसूल.

मग घ्यायची कोणती?

थोडक्यात सांगतो. तुमच्यासमोर कागद असेल, म्हणजे हस्तलिखितं, नाणी, चित्रं, जुन्या निगेटिव्ह, कापडावरची नक्षी, तर जुनी घ्या आणि उरलेल्या पैशांतून चांगला स्टँड आणि दोन दिवे घ्या. त्या लेन्स सव्वाशे वर्षांच्या परंपरेने नेमकं तेच काम शिकून आल्या आहेत. तुमच्यासमोर जिवंत आणि लहान काही असेल तर नवीला पर्याय नाही. पण ती दर वीकेंडला लागणार नसेल तर विकत घेण्यापेक्षा हंगामात भाड्याने आणा.

एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगत नाही. जुन्या लेन्सचं शटर अडकलं तर ते उघडून साफ करणारे कारागीर अजून आहेत, कारण आत फक्त स्प्रिंगा आणि दातेरी चाकं. नव्या लेन्सची फोकस रिंग म्हणजे नुसती सूचना, खरं काम मोटर करते, आणि बॉडीतून वीज मिळाली नाही तर लेन्स जागची हलत नाही. त्या माउंटचे कॅमेरे आणि फर्मवेअर जिवंत आहेत तोवर ती जिवंत. सॉफ्टवेअरचा सपोर्ट कसा बंद होतो हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मी माझी मॅक्रो-प्लानार ठेवली आहे. पेटीतले एकशे चाळीस कागद झाले, अजून साठेक आहेत, आणि चुलत्यांच्या घरी आणखी एक पेटी निघाली आहे. नवी लेन्स ऑक्टोबरात पुन्हा भाड्याने आणीन, कारण काकांना आता अंड्यातून अळी बाहेर येताना बघायची आहे. फाळक्यांसारखं, थोडी थोडी फिल्म उघडत.